नावाच्या पट्ट्या

माझी बायको रोझलिंड गेल्याचं नैरोबीच्या हॉस्पिटलमधून कळलं, त्याच दिवशी इंग्लंडच्या शाळेचं पत्र आलं. आमच्या इमोजेनला प्रवेश मिळाला होता.

आठ वर्षांच्या लेकीला तिकडे वसतिगृहात धाडण्यावरून आम्ही वर्षभर भांडलो होतो.

“पोर जड झाली का तुला?” मी टोचायचो.

“तुला तिची वेणी तरी घालता येते का?” एवढंच ती म्हणायची, आणि शाळा ठरायच्या आधीच पोरीच्या कपड्यांवर, वसतिगृहात कपडे ओळखू यावेत म्हणून लावतात तशा, नावाच्या पट्ट्या शिवत बसायची.

काल रोझलिंडचं कपाट उघडलं. तिच्या स्वतःच्या निळ्या स्वेटरलाही इमोजेनच्या नावाची पट्टी होती.

तिचा आजार मला गेल्या महिन्यात कळला. पट्ट्या गेल्या वर्षीच शिवून झाल्या होत्या.

शाळेला उत्तर लिहायचं अजून राहिलंय.