एप्रिलसाठी कोट

आजारी बायकोसाठी धुतलेलं पातळ न्यायला बाबालाल पुण्याच्या दवाखान्यातून पौडला आला, आणि त्याच्या मागच्याच यष्टीनं बातमी आली. कंडक्टर त्याच्या शिलाईच्या दुकानासमोर उभा राहिला. टोपी काढली. बाबालालला कळलं. गुलशन गेली होती.

आदल्या संध्याकाळी ती चांगली बोलत होती. म्हणाली होती, "अवं, माझं समदं झालं. तेवढं एक ठिकाण बघायचं ऱ्हायलं. होडीत बसायचं, घोड्यावर बसायचं. लोक हसत्याल तर हसू द्या." नावही सांगितलं तिनं. बाबालाल म्हणाला, "बरी हो, जाऊ." ते कुठं आलं हे उद्या विचारू, असं त्याच्या मनात होतं.

गुलशनच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तो खोकल्याचं औषध आणायला डॉक्टरीणबाईंकडे गेला. पुण्याहून दर गुरुवारी त्या पौडला यायच्या. गुलशन याच बाकावर नंबर लावून बसायची. बाकासमोर परदेशी कॅलेंडर टांगलेलं होतं.

"बाई, वेन्ना म्हंजी कुटं आलं?" बाबालालनं विचारलं.

"व्हिएन्ना?" डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "अहो, हे काय भिंतीवर! माझा भाऊ असतो तिथं. मागच्या वर्षीच जाऊन आले मी."

बाबालालनं चित्र पाहिलं. मोठा राजवाडा, बाग, आणि पुढं दोन पांढरे घोडे जुंपलेली गाडी.

"घोडं हायेत. होडी हाय का?"

"मोठी नदी आहे. हव्या तेवढ्या होड्या."

"मग हेच," बाबालाल म्हणाला. "गुलशनला बघायचं हुतं. ती न्हाई, तर मी बघून येतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग उत्साहानं सांगायला लागल्या. "भावाकडं उतरा. आणि जायचं तर स्प्रिंगमध्ये जा."

"शिलाई मशिनीत असती ती?"

"वसंतात हो! एप्रिलच्या अखेरीला. झाडं फुलांनी भरलेली असतात. पण वाऱ्यावर विश्वास ठेवू नका, गरम कोट हवाच. छत्री न्या. ट्रामच्या तिकिटावर छाप आपणच मारून घ्यायचा, कंडक्टर यायची वाट बघत बसू नका. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच पाव आणून ठेवा. आणि कॉफी पिताना घाई नको. एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही."

त्या दिवसापासून बाबालाल पुन्हा हसायला लागला.

दुकानाला लागूनच गेणबाचं चहाचं हॉटेल होतं. त्याला बाबालालनं सगळं सांगितलं.

"बाई म्हनल्या, वसंतात जा."

"कंचा वसंता? गवंड्याचा?" गेणबा म्हणाला. "त्याला कशाला नेतोयस? भांडकुदळ हाय त्यो."

"आरं, फुलं येत्यात तवा!"

"मग तसं बोल की. आन् एका कपावर दोन तास? माझ्याकडं बसून दाखव. बाकडं काढून घेतो खालनं."

मग सगळा बाजारच सल्ले द्यायला लागला. विमानात खिडकी उघडू नको. लसणाची चटणी ने, तिकडचं समदं अळणी असतंय. राजवाड्यात चपला कुठं काढायच्या ते आधी विचार. बाबालाल सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणायचा आणि कोट शिवायचा. चांगलं लोकरी कापड, आतून अस्तर. आतल्या खिशाशी त्यानं गुलशनच्या हिरव्या ओढणीचा तुकडा शिवला. तिलाही वारा लागायला नको.

खर्चाचंही त्यानं ठरवलं होतं. गुलशनच्या बापानं लेकीला दिलेलं भरे गावचं रस्त्याकडचं शेत होतं. एक कारखानेवाला ते कधीपासून मागत होता आणि गुलशन त्याला हाकलत होती. आता बाबालालनं हो म्हटलं. तिचंच शेत, तिनंच सांगितलेल्या गावाला जायला. सोमवारी सही व्हायची होती.

रविवारी सकाळी भऱ्याहून जैनबबी आली. गुलशनची धाकटी बहीण. पायरीवरूनच कडाडली.

"भावजी, आपाचं शेत इकताय म्हनं? तिच्या हातची आंब्याची झाडं हायेत तितं! तिला जाऊन किती दिस झालं?"

"आगं, तिच्यासाठीच."

"तिच्यासाठी? ती काय पैसं मागाया येनार हाय व्हय?"

गेणबा किटली हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. बाबालालनं मेव्हणीला स्टुलावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. राजवाडा, ट्राम, शनिवारचा पाव, दोन तासांची कॉफी. सांगता सांगता त्याचा चेहरा उजळला.

"गुलशनचं शेवटचं बोलनं हाय, जैनब. होडीत बसायचं, घोड्यावर बसायचं. ते मी मोडनार न्हाई."

जैनबबीचा राग उतरला होता. "ठिकान कंचं म्हनाली ती?" तिनं हळूच विचारलं.

"वेन्ना."

जैनबबीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. बाबालाल पाणी आणायला उठला. मग त्याच्या लक्षात आलं, ती रडत नव्हती. निदान नुसती रडत नव्हती.

"म्याच सांगितलं हुतं आपाला," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या ह्यांच्या टरकातनं गेले हुते तवा. वेन्ना तळं हाय, भावजी. महाबळेश्वरला. सकाळी स्वारगेटवरनं यष्टीत बसलं, की दुपारी होडीत."

गेणबाच्या किटलीतला चहा पायरीवर सांडत होता.

बाबालालनं मशिनीवरचा कोट उचलला. त्याची बटणं तेवढी लावायची राहिली होती. "आता शेत इकायला नगं, पर तळ्यावरबी वारा असंलच," म्हणत त्यानं सुईत दोरा ओवला.