फोन केला

आजोबा खुर्चीवरून घसरून खाली आले तेव्हा मुली हसल्या. सकाळपासून आजोबांनी असलीच सोंगं चालवली होती. सरावाच्या रबरी बाळाला “काय रे, जेवलास का?” म्हणून विचारायचं, पट्टी बांधायला हात पुढे केला की “गेलो, गेलो” म्हणून विव्हळायचं. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या आठवी-नववीच्या मुलींचा तो प्रथमोपचाराचा वर्ग. त्यात मोठी माणसं दोनच, आजोबा आणि आजी. हे शिकल्याशिवाय बाळाला तुमच्याकडे एकटं ठेवणार नाही, असं लेकीनं बजावलं होतं म्हणून आलेली.

शिकवणाऱ्या सिस्टर हसल्या नाहीत. त्या आजोबांपाशी धावल्या.

“आजोबा, डोळे उघडा.” त्यांनी दोन्ही खांदे गदगदा हलवले. चेहरा राखेसारखा झाला होता. मध्येच घशातून घोरल्यासारखा आवाज आला.

“श्वास घेतायत की,” एक चष्मेवाली मुलगी म्हणाली.

“हा श्वास नव्हे.”

नुसतं ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही, बोट दाखवून एकालाच सांगायचं, हे सिस्टरांनी थोड्या वेळापूर्वीच शिकवलं होतं. फोन करायच्या सरावाला तेव्हा आजी उभ्या होत्या. सिस्टरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. “आजी, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा.” आणि आजोबांच्या छातीवर तळहातावर तळहात ठेवून त्या दाबायला लागल्या.

आजी खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून बोलू लागल्या. आवाज कापत होता, पण एकही गोष्ट सुटली नाही. वाचनालयाची इमारत, बाजाराच्या मागची गल्ली, दुसरा मजला, जिना अरुंद आहे, माणूस बेशुद्ध, श्वास नाही. मग त्या वळून म्हणाल्या, “केला. निघालेत.”

सगळ्यांच्या जिवात जरा जीव आला. मुली एका सुरात आकडे मोजू लागल्या. तिसावर थांबायच्या, सिस्टर दोनदा तोंडानं श्वास द्यायच्या, की पुन्हा एकपासून. सिस्टरांच्या कपाळावरचा घाम आजोबांच्या सदऱ्यावर टपटपत होता.

त्यांचे हात भरून आले तसं त्यांनी लांब वेणीच्या मुलीला खुणेनं बोलावलं. घरी जुळ्या भावांना दोन्ही कडेवर घेऊन फिरणारी, अंगानं दणकट मुलगी. पण तिची पाचावर धारण बसली होती.

“रबरी बाळाला दोन बोटांनी दाबलंस, इथे अख्खं अंग घाल. कोपर वाकवायचं नाही.”

तिनं जोर लावला. आत काहीतरी कटकन वाजलं. ती दचकून मागे सरली.

“बरगडी असेल. ती जुळेल. थांबू नकोस.”

आजी आजोबांच्या पायाशी बसून एका हातानं त्यांचे तळवे चोळत होत्या. खाली रस्त्यावर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिच्या किका ऐकू येत होत्या. रुग्णवाहिकेचा भोंगा येत नव्हता.

“आजी,” नाडी चाचपताना सिस्टरांनी विचारलं, “फोन चालू आहे ना? काय सांगतायत ते?”

“ठेवला की. निघालो म्हणाले.”

“ते ठेवू देत नाहीत. गाडी पोचेपर्यंत बोलत राहतात.” सिस्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. आजींच्या दुसऱ्या मुठीत सरावाचा लाल प्लास्टिकचा फोन होता.

सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला. “आजी, पलीकडून कोण बोललं?”

आजींनी हातातल्या खेळण्याकडे पाहिलं. मग सिस्टरांकडे.

“तुम्हीच तर म्हणता ना,” त्या म्हणाल्या. “निघालो म्हणून.”

सरावात पलीकडचं उत्तर सिस्टरच द्यायच्या. प्रत्येकीला तेच. आणि मुलींचं लक्ष उडू नये म्हणून खरे फोन त्यांनीच दाराबाहेरच्या टोपलीत जमा करायला लावले होते.

“टोपली! कुठलाही उचल. फोनला कुलूप असलं तरी रुग्णवाहिकेचा नंबर लागतो.”

चष्मेवाली पळाली, एक फोन घेऊन आली, नंबर लावला. पलीकडचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येईल असा फोन तिनं फरशीवर ठेवला. तो आवाज अनोळखी होता, शांत होता, आणि प्रश्नामागून प्रश्न विचारत होता. चष्मेवालीनं अडखळत पत्ता सांगितला. आजी भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. मुली पुन्हा मोजू लागल्या. आता आकड्यांमध्ये रडू मिसळत होतं, पण मोजणं एकीनंही सोडलं नाही.

रुग्णवाहिकेची माणसं दोघं होती. त्यांनी सगळ्यांना मागे सारलं, छातीवर विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. आजोबांचं अंग एकदा उसळलं, थोड्या वेळानं पुन्हा. एकानं मानेवर बोटं दाबून धरली.

“लागतेय नाडी,” तो शेवटी म्हणाला. “पण आत्ता काही सांगता येणार नाही.”

स्ट्रेचर जिन्यात तिरकं करून उतरवताना त्यानं विचारलं, पडल्या पडल्या का नाही कळवलंत? आजींचे ओठ हलले.

“उशीर माझ्यामुळे झाला,” सिस्टर म्हणाल्या. “वर्ग माझा आहे.”

रुग्णवाहिकेत चढताना आजींनी सिस्टरांचं मनगट घट्ट धरलं.

“पत्ता मी नीट सांगितला होता हो,” त्या म्हणाल्या. “जिना अरुंद आहे, तेसुद्धा.”

“हो, आजी,” सिस्टर म्हणाल्या. “मी ऐकलं. सगळं ऐकलं.”