शेवटच्या पाळीतली देशसेवा

देशभक्ती माणसाच्या रक्तातच असावी लागते. अलाबामातल्या मोज्यांच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त करणाऱ्या रॉस्कोच्या मात्र ती मुठीत होती. काम आणि यंत्रं दोन्ही होंडुरासला चालली आहेत हे कळल्यावर शेवटच्या पाळीत त्याने प्रत्येक यंत्राच्या पोटात मूठ मूठ वाळू ओतली. "घ्या लेको, आता विणा मोजे!"

महिन्याभरात बायकोच्या इन्सुलिनची शेवटची बाटली फ्रिजमध्ये उरली. रॉस्को सरकारी मदतीच्या खिडकीपुढे टोपी काढून उभा राहिला.

"काका, कारखाना बंद पडला हे खरं," खिडकीतली मुलगी म्हणाली, "पण ही मदत ज्यांचं काम परदेशी गेलं त्यांच्यासाठी. होंडुरासवाल्यांनी इथे येऊन यंत्रं चालवून बघितली, एक चालेल तर शपथ! सौदा मोडला. तुमचं काम कुठे गेलंच नाही."

"पोरी, यंत्रं आहेत कुठे ती सांग फक्त," रॉस्को काकुळतीला आला. "मी साफ करून देतो. होंडुरासला मीच पोचवतो, पाठीवर घालून!"



यंत्रं वितळवून झाली होती. भंगारवाला अस्सल अमेरिकन होता.