ती सोडून बाकीच्या

सतरा नंबरच्या वस्तीपुढे शून्य यायला हवं होतं. आलं नाही. पडद्यावर शून्य पूर्णांक शून्य पाच असा आकडा येऊन बसला आणि हिशोबीच्या कपाळावर आठी पडली.

हिशोबी हे त्याचं कचेरीतलं नाव. पाहणीचे आकडे नीट लावून देणं हे त्याचं काम. पाहणीवाल्या मुलींनी घरोघरी फिरून बायकांना विचारलं होतं, घरात तुमच्यावर हात उचलला जातो का? हो असेल तर एक, नाही असेल तर शून्य. एका बाईची एक ओळ. हिशोबीनं आज्ञा दिली, की संगणक वस्तीतल्या सगळ्या ओळी गोळा करी, सरासरी काढी आणि वस्तीची एकच ओळ ठेवी. बायका गेल्या, वस्ती उरली. ज्या वस्तीपुढे शून्य, तिथे मदत केंद्र नाही. बाकीच्या वस्त्यांत ते उघडणार होतं आणि केंद्राची बाई दारोदार जाऊन विचारपूस करणार होती.

सतरा नंबर ही हिशोबीची स्वतःची वस्ती. तिथून एकही हो येणार नाही, तिथे नवरेच मार खात असणार, अशी चेष्टा कचेरीत सकाळपासून चालली होती. तोही हसला होता. माणूस मवाळ. त्याचा चढलेला आवाज तिथे कुणी ऐकला नव्हता.

“मॅडम, एका बाईनं अख्ख्या वस्तीचा आकडा नासवलाय,” तो म्हणाला. “विसातल्या एकोणीस जणी नाही म्हणतायत. मुलीचं बोट चुकलं असणार. शून्याच्या जागी एक पडला. दुरुस्त करून टाकतो.”

मॅडम पाहणीच्या प्रमुख होत्या. त्या खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

“थांबा. आधी दुसरा हिशोब करा. प्रत्येक बाईपुढे तिच्या वस्तीची सरासरी टाका, पण ती सोडून बाकीच्यांची. जिचा शेजार मोजायचा, तिलाच त्यात धरून कसं चालेल?”

त्यानं तसं केलं. एकोणीस जणींपुढे बारीकसा आकडा आला. त्या एकीपुढे शून्य.

“म्हणजे हिच्या शेजारपाजारी सगळ्या सुखात. हिचंच काय ते नशीब फुटकं,” मॅडम म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. “मुलीनं काही शेरा लिहिलाय का बघा. बोट चुकलं असेल तर शेरा नसेल.”

शेरा होता. दोघांनी तो एकदमच वाचला. ‘मारतो. आरडाओरडा नाही. मोजून मारतो.’

“मोजून म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

मोजून म्हणजे काय, ते हिशोबीला पक्कं ठाऊक होतं. आधी आकडा ठरवायचा, मग हळू आवाजात एक एक म्हणत जायचं, ठरल्यापेक्षा जास्त एकही नाही. भान सोडून बायकोला बडवणारी माणसं त्याला जनावरं वाटत. आपण त्यातले नाही, याचा त्याला मनातून अभिमान होता.

“काय की,” तो म्हणाला.

“ही ओळ राहू द्या. एकीसाठी केंद्र उघडावं लागलं तर एकीसाठी उघडू.” मॅडम उठून गेल्या.

एरवी वय, शिक्षण, घरात माणसं किती, हे सगळे रकाने ताडून पाहिल्याशिवाय हिशोबी एका ओळीवरून पुढे सरकत नसे. आज त्यानं शेऱ्यापलीकडे काही पाहिलं नाही. पाहायचं काय? वस्तीत मोजणारा एकच होता. त्यानं संगणक बंद केला, पोट बिघडल्याचं सांगितलं आणि पिशवी उचलली.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. नवरा अवेळी आलेला पाहून तिचे हात थांबले. त्यानं बूट काढून शेजारी शेजारी लावले, दार लावलं, मग खिडकी लावली. खिडकी लावली की पुढे काय, ते तिला माहीत होतं.

“पाहणीवाली मुलगी आली होती, तेव्हा काय सांगितलंस?” त्यानं अगदी हळू विचारलं.

“नाही म्हणून सांगितलं. तुम्ही बजावलं होतंत तसंच.”

“वस्तीत एक हो निघालाय.”

“माझा नाही तो.”

“शेरासुद्धा वाचला मी.”

“माझा नाही हो,” ती पुन्हा म्हणाली. खोटं बोललं की आकडा दुप्पट होई, हे तिला ठाऊक होतं. ती या वेळी खरंच बोलत होती आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तिनं घडी घातलेले कपडे बाजूला सारले, चुरगळू नयेत म्हणून.

“एक,” तो म्हणाला.

मधल्या भिंतीवर थाप पडली. पलीकडे काकू राहत होत्या. त्यांचे यजमान केव्हाच वारले होते, मूलबाळ नव्हतं, घरात त्या एकट्याच.

“ती नाहीच म्हणाली होती,” काकूंचा आवाज खोलीतल्या माणसाइतका स्पष्ट आला. “हो मी म्हणाले. आता पुढे मोज. मीही इकडे मोजतेय.”