मागची सीट

उस्तादांनी लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मुलाला इंजिन सुरू करायला सांगितलं.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. गॅरेज बंद करून सहा वर्षं झाली, तरी उस्ताद हे नाव काही सुटलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. इंजिन एका सुरात चालत होतं. खडखड नाही, धूर नाही. नाव ठेवायला जागा नव्हती.

"कशी वाटते?" मुलाने विचारलं.

"दुसरी बघू, मग सांगतो."

पंचेचाळिशीत पोराला स्पोर्ट्स कारचं खूळ लागलं होतं. जुन्या गाड्यांच्या दलालाकडे दोन होत्या. लाल महाग, आणि दोनच माणसांची. करडी बरीच स्वस्त, दिसायला देखणी, आणि तिला मागे छोटी का होईना, एक सीट होती. सकाळी मुलगा वृद्धाश्रमात येऊन म्हणाला होता, "चला बाबा. गाडी तुम्ही निवडायची."

आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्यांना काही विचारलं होतं. एकदा, अगदी एकदाच, ते गॅस चालू ठेवून फिरायला गेले आणि मुलीने घर डोक्यावर घेतलं. मग तो लोखंडी पलंग, आणि शेजारी दिवसभर खोकणारे पोस्टमास्तर. घरी कधी नेणार, असं विचारलं की मुलगा म्हणे, "बघू." त्या 'बघू'ची उस्तादांना चीड यायची, पण ते गिळत. आज मात्र त्यांच्या मनाने घेतलं होतं, की मला विचारतोय म्हणजे नक्की न्यायच्या विचारात आहे.

करडीच्या डाव्या बाजूवर त्यांनी बोटांनी टकटक केलं. आवाज बद्द आला. रंगाखाली पुट्टी होती. डिकी उघडून त्यांनी आतलं कार्पेट उचललं. वेल्डिंगचे टाके, तेही घाईत मारलेले. गाडीने जबर मार खाल्ला होता, चासी, म्हणजे खालचा सांगाडाच वाकलेला होता.

उस्तादांनी कार्पेट होतं तसं पुन्हा अंथरलं.

मुलगा दोन पावलांवर उभा होता. "घाई नाही, बाबा. नीट बघा."

लाल गाडीत बसणार कोण? मुलगा आणि सून. म्हाताऱ्याने काय टपावर बसायचं? करडीत निदान जागा होती. गाडीत जागा असली की घरातही माणूस धरला जातो, असं त्यांना वाटलं, आणि या वयात असलं काही वाटल्याची लाजही वाटली. चासीचं काय, घरी गेलं की जुनी हत्यारं काढायची, दोन महिन्यांत सरळ करायची. तोवर पोराला चालवू द्यायचीच नाही.

गिऱ्हाइकाशी ते उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते.

"करडी घे," ते म्हणाले.

"नक्की? ठोकलेली वगैरे नाही ना?"

"छे. ठणठणीत आहे."

"आणि लाल?"

"नुसता दिखावा. इंजिन थकलंय तिचं. तेवढ्या पैशांचं मोल नाही त्यात."

मुलाने करडीच्या डिकीकडे बोट दाखवलं. "डिकी पुन्हा एकदा बघता का?"

"बघितली की. मला शिकवतोस का आता?"

"बरं. तुम्ही बसा आत. मी एक फोन करून येतो."

उस्ताद वाकत, कण्हत मागच्या सीटवर शिरले. गुडघे छातीला टेकत होते, पण जागा होती. फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं. दार उघडंच होतं. बाहेर मुलगा बहिणीशी बोलत होता.

"ताई, तुझंच खरं निघालं. परवाच मी दोन्ही गाड्या मेकॅनिककडून तपासून घेतल्या होत्या. करडी ठोकलेली आहे, आंधळ्यालाही कळेल. बाबांना नाही कळलं. तीनतीनदा विचारलं गं मी." तो जरा थांबला. "हो, ठरलं होतं आपलं. एवढं ओळखलं तर डोकं शाबूत आहे, आणि मग तू आडवी येणार नव्हतीस. इथूनच घरी नेणार होतो त्यांना. आता राहू देत तिथेच. खोली रंगवूनसुद्धा घेतली होती मी त्यांची."