निळी फिल्म

सोन्याचे अतिसूक्ष्म कण मिसळलेली पातळ प्लास्टिक फिल्म मार्लीसला एकदाच हवी तशी निळी मिळाली होती. त्यानंतर चौदा महिने वहीत लिहिल्याप्रमाणे बरोबर वीस मिनिटं भट्टीत ठेवूनही ती लालच निघत होती.

"एकदा जमलं होतं ना, मग आता काय धाड भरली?" तिचे पीएचडीचे मार्गदर्शक प्रोफेसर हॉगन वैतागले.

पीएचडी सोडायचं पत्र लिहून झाल्यावर तिने ऑर्विलला फोन लावला. त्यांच्या विनिपेगमधल्या लॅबची भट्टी तेव्हा तोच सांभाळायचा. आता निवृत्त झाला होता.

"ऑर्विल, फिल्म निळी निघाली त्या वेळी तुम्ही वेगळं काय केलं होतं?"



"अगं, शुक्रवारी ती बाहेर काढायलाच विसरलो होतो मी. सोमवारी तू आनंदाने इतकी नाचलीस, की मला सांगवलंच नाही."