रिवाजाचं जनावर

गोंतिएचं अंग अजून गार पडलं नव्हतं, तोच गढीवरचा कारभारी फुल्बेर दारात हजर झाला. मयताकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ गोठ्याच्या कोपऱ्याकडे गेला. त्या घरात माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली राहत.

कूळ मेलं की त्याच्या घरातलं सगळ्यात चांगलं जनावर गढीच्या धन्याचं आणि दुसरं चर्चचं, असा रिवाज होता. जन्मायचं धन्याच्या जमिनीवर, लग्न करायचं धन्याला विचारून, आणि मेल्यावरही सुटका नाही. धनी याला आसरा म्हणायचा. कोल्ह्याने कोंबड्यांना द्यावा तसला.

गोंतिएच्या घरी एक तांबडी गाय होती आणि एक आटलेली बकरी. सुनेला दूध येत नव्हतं, तान्हा नातू गाईवरच जगत होता.

"गाय सोड, ओदलीन," कारभारी गोंतिएच्या बायकोला म्हणाला.

"कारभारी, बकरी न्या. लेकराच्या तोंडचं दूध आहे हो ते."

"बकरी पाद्रीबाबांची. रिवाज काय मी केलाय?"

पाद्रीबाबा उशाशी बसून प्रार्थना पुटपुटत होते. ओठ देवाकडे होते, नजर बकरीवर.

ओदलीनने डोळे पुसले. पुढे झाली आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर ओढून काढली.

"सगळ्यात चांगलं जनावर पाहिजे ना? मग हे न्या. जन्मभर धन्याच्या शेतात राबलं, तेही अर्धपोटी. कधी शिंग उगारलं नाही, कधी दावं तोडलं नाही. याच्याहून चांगलं जनावर या घरात झालं नाही, कारभारी."

मयताला जमलेल्या शेजारच्या बायका दाराकडे सरकल्या. पाद्रीबाबांची प्रार्थना मध्येच थांबली. आता हिची पाठ फुटणार, असंच सगळ्यांना वाटलं.

फुल्बेर मात्र चिडला नाही. टोमणा कळायला डोकं लागतं, आणि त्याने ते कधीच गढीवर गहाण टाकलं होतं. तो खरोखरच वाकला. बाजारात बैल पाहावा तसं त्याने गोंतिएच्या खांद्यावर, दंडावर बोट दाबून पाहिलं. मग मान हलवली.

"मेलेलं चालत नाही," तो म्हणाला. "रिवाजात जिवंत धरलंय."